एक्केचाळीस, उतरवून घे

सरांवरचा माझा राग गेलेला नाही. कमी झालाय. घासाघीस केली की रागही उतरतो, पण फुकट कोणी सोडत नाही, आणि मीही सोडणार नाही. ज्या माणसाने मला सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवली, कॉम्प्युटरकडून तारीख-वेळ कशी छापून घ्यायची ते शिकवलं, त्यानेच एका छापलेल्या वेळेवरून रसायनीतल्या एका कारखान्याच्या गेटवर माझ्या तोंडाला काळं फासलं. हे एकदा लिहून टाकल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही. तसं मला एरवीही बसवत नाही.

कर्जतच्या बाजारात एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर सरांचा क्लास होता. गिरणी चालू झाली की जमीन थरथरायची आणि कीबोर्डवर पिठाचा पापुद्रा बसायचा. तास संपवून खाली उतरणारा प्रत्येक जण भाकऱ्या थापून आल्यासारखा दिसे. सर आधी मुंबईत नोकरीला होते. सन दोन हजार उजाडताना कॉम्प्युटरमधल्या दोन आकडी सालांचा जो घोळ झाला, तो निस्तरायला बसवलेल्या माणसांपैकी ते एक. दोन वर्षं नुसत्या तारखा तपासल्या, मग नोकरी सोडून गावी आले. डोक्यातून तारखा काही गेल्या नाहीत.

मी खालापूरकडचा. आयटीआय केलं आणि टेंपो चालवायला लागलो. रसायनीच्या कारखान्यांत माल घेऊन जायचो. गेटवर वहीत नाव, गाडी नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सगळं हाताने. एक वॉचमन लिहिणार आणि पंधरा गाड्या उन्हात उभ्या. मला थांबणं सोसत नाही. तिथेच डोक्यात आलं की हे कॉम्प्युटरवर केलं तर गेटं आपल्यामागे लागतील.

पहिल्या दिवशी सरांना फी विचारली. त्यांनी आकडा सांगितला. मी निम्मा म्हणालो. ते गप्प. मी थोडा वाढवला. ते गप्प. उठून जायचं नाटक केलं आणि जिना उतरलो, मागून हाक येईल म्हणून. आली नाही. खाली गिरणीवाल्याशी पिठाच्या भावावर उगाच दोन मिनिटं बोललो आणि परत वर गेलो. सर फळा पुसत होते. म्हणाले, "तासाला सहा मिनिटं आहेत. बस." त्यांनी सांगितली तीच फी मी दिली. भांडणारा माणूस मला समजतो. गप्प बसणाऱ्याची मला भीती वाटते.

सरांना चुकीचं घड्याळ सहन होत नसे. चहाच्या टपरीत, देवळात, कुठेही असो, न विचारता स्टुलावर चढायचे आणि काटे जुळवायचे. एका मुलाचे आजोबा वारले म्हणून भेटायला गेले, तर आधी भिंतीवरचं सात मिनिटं पुढे गेलेलं घड्याळ काढून नीट केलं आणि मग सतरंजीवर बसले. घरच्यांना वाटलं, मास्तरांच्यात असा काही रिवाज असेल. बँकेत त्यांना एकदा खुर्चीवरून खाली उतरवलं होतं. तेव्हापासून बँकेत जाताना ते मान वर करायचे नाहीत.

"किती वाजले, सर?" असं विचारलं की म्हणायचे, "कुठले?" मग आपण म्हणायचं, "कर्जतचे." तेव्हा वेळ मिळायची. 'परवा' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. आपल्याकडे गेलेला परवा आणि येणारा परवा एकच. कोणी 'परवाचा तास' म्हटलं की सर हात वर करून विचारत, "अधिक की उणे?" मुलंही शिकली. 'अधिक परवा टेस्ट आहे रं,' असं कर्जतच्या फलाटावर ऐकू आलं की समजायचं, हा सरांचा.

पहिल्या दिवशी फळ्यावर त्यांनी 'लोकलटाइम' लिहिलं, तर नेरळहून येणारी मुलं वह्या सरसावून बसली. त्यांना वाटलं, गाड्यांच्या वेळा सांगतायत. कॉम्प्युटर वेळ नुसत्या सेकंदांत मोजतो. त्या भल्यामोठ्या आकड्याचे आपले दिवस, तास, मिनिटं करून देतो तो लोकलटाइम. महिने मात्र तो शून्यापासून देतो. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. दिवस एकपासून. असं का, म्हणून मी भांडलो. सर म्हणाले, "ज्याने केलं त्याला विचार. आपण एक मिळवायचा आणि पुढे जायचं."

मग छापायचा साचा. पर्सेंटची खूण आणि पुढे एक अक्षर. टक्क्याची खूण दिसली की माझे कान उभे राहतात, पण इथे त्या टक्क्यात काही मिळत नव्हतं. छोटा एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट. महिन्याच्या जागी कोणी मिनिट छापलं की सर पडद्याकडे बघून शांतपणे म्हणत, "सत्तेचाळिसावा महिना चालू आहे वाटतं. अधिक असेल." आपल्याकडे अधिक महिना असतो, तिकडे क्वचित एखादं अधिक सेकंद असतं, आणि सीमध्ये त्याला जागा राखून ठेवली आहे, हे सांगताना त्यांचा चेहरा घरातल्या लग्नाची गोष्ट सांगावी तसा होई.

प्रोग्रॅमला सर कार्यक्रम म्हणत, आणि तो तपासायची त्यांची एक रीत होती. सगळं छापून द्यायचं. ते शिसपेन्सिलीने शेरा लिहीत. चूक असेल त्या ओळीपाशी नाही, पहिल्या पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात. आधी आकडा, पुढे दोन शब्द. बस्स. 'सतरा, एक मिळव.' 'तीस, मोठा एम.' पुढचं तुमचं तुम्ही शोधायचं.

ज्या दिवशी त्यांनी पाटी आणली, त्या दिवशी मी जिन्यात होतो. टेंपोला गिऱ्हाईक आलं होतं आणि फोनवर भाव चालला होता. टेंपो विकून कॉम्प्युटर आणि प्रिंटर घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. गिरणीच्या आवाजात वरून सरांचा आवाज येत होता आणि त्यातलं मला एवढंच ऐकू आलं: "उतरवून घ्या." ते तर प्रत्येक मास्तर दिवसातून दहादा म्हणतो. मी लक्ष दिलं नाही. टेंपोचा भाव मात्र मनासारखा आला.

त्या दिवशी वर काय झालं, ते अगदी आत्ता आत्ता बरोबरच्या मुलाने सांगितलं. सरांनी खरोखरची दगडी पाटी आणली होती. म्हणाले, "लोकलटाइमला वेळ विचारली की तो या पाटीवर लिहून देतो. पाटी त्याची आहे आणि एकच आहे. दुसरी वेळ विचारलीत, की पहिली पुसून तिच्यावरच लिहितो. म्हणून दुसरी विचारायच्या आत पहिली आपल्या वहीत उतरवून घ्या."

माझा गेटचा कार्यक्रम तयार झाला. आत येणाऱ्याचं नाव घालून एक बटण दाबायचं, बाहेर जाताना दुसरं. मग पास छापून येतो: आत किती वाजता, बाहेर किती वाजता. घरी मी तो पन्नासदा तपासला. आत दाबायचो, लगेच बाहेर दाबायचो. दोन्हीकडे एकच वेळ, आणि ती बरोबरच, कारण मध्ये मिनिटही गेलेलं नसायचं. आता कोणाला सांगताना हसू येतं. माझ्यासारखा माणूस होता म्हणून ती चूक लपली. दुसरा एखादा मध्ये चहा प्यायला असता.

रसायनीच्या त्या कारखान्याने एक दिवस गेटवर लावून बघायचं कबूल केलं. बरं चाललं तर काम माझं, आणि मागून शेजारच्या दोन गेटांचं. टेंपो गेलेला होता, हे काम नाही मिळालं तर हातात काही नव्हतं. आदल्या आठवड्यात मी सगळा कार्यक्रम छापून सरांना दिला. वर माझं कोटेशनही टाचलं, पंचावन्न हजारांचं. आयुष्यातलं पहिलं कोटेशन. सरांनी ते बघावं, असं मला वाटत होतं.

कागद परत आले. कोटेशनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: '४१, उतरवून घे.'

मी पेटलो. पंचावन्नचे एक्केचाळीस करू? ज्या माणसाने स्वतःच्या फीमध्ये मला एक रुपया सोडला नाही, तो माझा दर उतरवायला सांगतोय. माझ्या कामाची एवढीच किंमत. खाली काय आहे ते मी पाहिलंसुद्धा नाही. कागद फाडले आणि कोटेशन नव्याने छापलं, पंचावन्नचंच.

त्या दिवशी सकाळपासून कॉम्प्युटर गेटच्या केबिनमध्ये होता. मी आत काचेच्या खोलीत साहेबांसमोर. साहेब दर कमी करा म्हणत होते आणि मी करत नव्हतो. मध्येच वॉचमन डोकावला. म्हणाला, "येक मास्तर आल्यात कर्जतवरून. तुमाला भेटाचं म्हनतात. गेटचं घड्याल पन नीट केलान त्यांनी."

काचेतून पाहिलं, तर सर बाकावर बसलेले. गुडघ्यांवर पिशवी. मला वाटलं, हा माणूस आता साहेबांना एक्केचाळीस सांगायला आलाय. मी वॉचमनला म्हणालो, "बसू दे." आणि सरांकडे पाठ करून बसलो.

सर बसले. मी बाहेर गेलो नाही. साहेब पन्नासवर आले होते आणि मी हलत नव्हतो. मागून प्रिंटरचा करकर आवाज आला. सर निघाले असावेत, असं वाटून बरं वाटलं. तेवढ्यात वॉचमनचा आवाज आला, "मास्तर, जाव द्या ना. कागुद हाय, खिशात घाला नि जावा. वाचतंय कोन?"

सकाळपासून अकरा जण पास खिशात घालून गेले होते. वाचला कोणीच नव्हता. सरांनी वाचला. आणि सर वाचून निघून जाणाऱ्यातले नव्हते. ते काचेच्या दारात आले, माझ्याकडे नाही, साहेबांकडे बघून म्हणाले, "या कागदात चूक आहे. मी अकरा बेचाळीसला आत आलो. इथे आत बारा चोवीस, बाहेर बारा चोवीस. हे खरं धरलं तर मी इथे आलोच नाही." मग म्हणाले, "कार्यक्रम माझ्या विद्यार्थ्याने लिहिला आहे. बाकी चांगला आहे."

साहेबांनी केबिनमध्ये ठेवलेल्या पासांच्या सगळ्या नकला मागवल्या. बाराच्या बारा माणसं आली त्याच मिनिटाला गेली होती. साहेब हसले. रागावले असते तर मी भांडलो असतो. हसणाऱ्याशी काय भांडणार? काम कुठल्या तरी पुण्याच्या माणसाला गेलं.

गेटबाहेर मी सरांना गाठलं. काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "पोटावर पाय आणलात माझ्या."

सर म्हणाले, "एक्केचाळीस मी लिहून दिली होती."

"तुमच्या एक्केचाळीसला विचारतंय कोण? माझा दर मी ठरवीन."

"दर?" सर म्हणाले. पाटीवर भलतंच अक्षर उमटलेलं बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले.

मला वाटलं, साळसूदपणा करतायत. मी तोंड फिरवून चालू लागलो ते पाताळगंगेच्या पुलापर्यंत मागे पाहिलं नाही. त्याच संध्याकाळी लोकलटाइमचा घोळ माझा मी शोधून काढला. पहिल्या वेळेची नक्कल केली की झालं, एका ओळीचं काम. सापडल्यावर राग आणखी वाढला. एवढीशी चूक या माणसाला दिसली नसेल, हे शक्यच नव्हतं. दिसली, आणि मला सांगितली नाही. वर चारचौघांत दाखवायला स्वतःचं तिकीट काढून आला.

हा राग मी वर्षानुवर्षं वागवला. परत दुसऱ्याच्या टेंपोवर ड्रायव्हर झालो, परत उभा राहिलो. आता खोपोलीत शिळफाट्याला माझं ऑफिस आहे, आणि खोपोली ते रसायनी बऱ्याच गेटांवर माझं मशीन आहे. कर्जतला कामं निघाली, पण गिरणीच्या गल्लीत मी गेलो नाही. ऑफिसात एक नियम केला: आत दाबलं की चहा प्यायचा, मगच बाहेर दाबायचं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे काम करणाऱ्या लोधिवलीच्या मुलीने नव्या मशीनचा कार्यक्रम लिहून आणला. छोट्या मशीनांत अजून सीच चालते. मी सगळं छापून मागतो, आणि वर कोटेशन टाचलेलं असतं, ही माझीच पद्धत. वाचता वाचता तीच जुनी चूक दिसली. दोन वेळा विचारल्या होत्या आणि पहिली कुठे ठेवलीच नव्हती. मला दुसरीकडे जायची घाई होती. पेन काढलं, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात खरडलं आणि कागद तिच्या टेबलावर टाकले.

जिन्यापर्यंत पोचलो नाही तोच ती मागून आली. चेहरा पडलेला. म्हणाली, "सर, अडुसष्टपर्यंत उतरवायचं? काल तर तुम्ही मला दम दिलात, ऐंशीच्या खाली एक रुपया येणार नाही म्हणून."

मी म्हणालो, "काय उतरवायचं?"

तिने कागद पुढे केला. माझंच अक्षर. '६८, उतरवून घे.'

मी जिन्यातच बसलो. ती घाबरली, पाणी आणू का म्हणाली. मी म्हणालो, "दर नाही गं बाय, ओळ. अडुसष्टावी ओळ. वेळ उतरवून घे." ती हसत गेली आणि पाच मिनिटांत दुरुस्त करून आली. मी तिथेच होतो. सरांची कोपऱ्यात लिहायची सवय माझ्या हातात कधी शिरली, हेही मला माहीत नव्हतं.

गिरणी आता बंद आहे. सरांचा नंबर शोधून फोन केला. आवाज बारीक झालाय, पण ओळखता आला. परवा येतो म्हणालो, तर तिकडून उत्तर आलं, "अधिक ना?"

सर दहिवलीला एका खोलीत राहतात. भिंतीवर घड्याळ एकच, अर्थात बरोबर. मी बसलो नाही. येताना गाडीत भांडणाची तयारी करून आलो होतो, ती वाया जाऊ द्यायची नव्हती. म्हणालो, "सर, 'ओळ' एवढा एक शब्द लिहायला काय झालं होतं?"

"कागदावरचा आकडा ओळीचाच असतो," सर म्हणाले.

"माझ्याकडे भावाचा असतो."

 सर म्हणाले, "तू फोन केला नाहीस. म्हणून वाटलं, समजलं नसेल. म्हणून आलो होतो."

हे ऐकायची मी तयारी केलेली नव्हती. माणूस कर्जतहून गाड्या बदलत रसायनीला आला होता तो तीन शब्द समजावून सांगायला, आणि गेटवर थांबणं ज्याला सोसत नाही त्याने त्याला गेटवर बसवून ठेवलं होतं. मी तसं बोललो नाही. असलं बोलायला मला जमत नाही. मी म्हणालो, "तरी त्या दिवशी तुम्ही तो कागद खिशात घालून गेला असतात तर काय बिघडलं असतं?"

सर उठले. शेल्फवरून सीचं जुनं पुस्तक काढलं. पिठाचा वास अजून येत होता, की मला तसं वाटलं. तारीख-वेळेच्या धड्यात खूण म्हणून तो पास होता. प्रिंटरची शाई फिकट झालेली, तरी वाचता येत होतं. आत १२:२४. बाहेर १२:२४.

"हा कशाला ठेवलात?"

"चुकीचा कागद टाकून देता येत नाही," सर म्हणाले. "दुरुस्त होईपर्यंत ठेवावा लागतो. कार्यक्रम तुझा होता. दुरुस्तीही तूच करायची."

आणि त्यांनी शिसपेन्सिल पुढे केली.

मी खुर्चीवर बसलो. पास गुडघ्यावर ठेवला. पहिल्या बारा चोवीसवर काट मारली आणि हात थांबला. बेचाळीस मिनिटं फार होती. एवढी मी त्यांना बसवलं नसेल. म्हणालो, "बारा धरू या, सर."

"अकरा बेचाळीस."

"पावणेबारा. तीन मिनिटांनी काय होतंय?"

सर गप्प. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत होते, पहिल्या दिवशी फळा पुसत होते तसेच निवांत. खाली उतरून उगाच दोन मिनिटं बोलावं, तर इथे गिरणीवाला नव्हता.

मी अकरा बेचाळीस लिहिलं. समोरच्याने सांगितलेल्या आकड्याला मी आयुष्यात दोनच गोष्टी घेतल्या. दोन्ही याच माणसाकडून.